शाळा बंद होती तेव्हाची खबरबात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या, अंगणात एक मोठा कडुलिंब आणि पन्नाशीच्या आतला पट. करोनाच्या काळात ही शाळा कशी चालली, हे मला अजून विचारलं जातं. कधी डी.एड.ची मुलं विचारतात, कधी नव्याने बदलून आलेले शिक्षक, कधी गावातल्या नव्या सुना. तेव्हा माझ्या हाताखाली असलेली मुलंही आता विचारायला लागलीत, कारण त्यांना त्यातलं निम्मं आठवतच नाही. प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

शाळा नेमकी किती दिवस बंद होती?

मार्च २०२० च्या मधल्या आठवड्यात बंद झाली. आम्हाला वाटलं, पंधरा दिवसांनी उघडेल. खिचडीच्या तांदळाच्या गोणीचं तोंड नुसतं सुतळीने बांधून ठेवलं होतं, त्यावरून काय ते समजा.

मोठ्या वर्गांचं जरा वेगळं झालं. नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून उघडायला परवानगी मिळाली, आणि दुसऱ्या लाटेत ते वर्गही पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीची पाळी आली १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे लहान मुलांची शाळा वीस महिने बंद. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे आणखी एकदा कुलूप लागलं. जून २०२२ ला शाळा सुरू झाली ती नेहमीसारखी.

हे वीस महिने सांगितले की शहरातले पाहुणे म्हणतात, "पण ऑनलाइन तर होतं ना!" त्याच्याकडे खाली येते.

मग २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात बसलं ते थेट दुसरीत?

हो. त्या वर्षीचे प्रवेश आम्ही फोनवर आणि घरोघर जाऊन केले. जून महिन्यात आमच्याकडे प्रवेशोत्सव असतो. नव्या मुलांना बैलगाडीत बसवून, फुगे लावून, ढोल वाजवत शाळेत आणायचं. त्या वर्षी बैल गोठ्यात आणि फुगे कपाटात. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक लिहून घेतला, पुस्तकं उंबऱ्यावर ठेवली आणि झाला प्रवेश.

ही मुलं १ डिसेंबर २०२१ ला दुसरीची म्हणून आली. रांग म्हणजे काय, घंटा झाली की काय करायचं, लघवीला जायचं तर विचारायचं की तसंच उठायचं, पाटी दप्तराच्या कोणत्या कप्प्यात, हे त्यांना काहीही माहीत नव्हतं. एक मुलगी माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "ह्या त्या फोनमधल्या मॅडम." तिच्या लेखी मी दीड वर्ष एक आवाज होते. एक पोरगा दुपारी जेवण झाल्यावर सरळ घरी निघून गेला. त्याच्या हिशोबाने शाळा संपली होती, कारण त्याला ठाऊक असलेली शाळा अर्ध्या तासाची, आणि तीसुद्धा शेजारच्या ओट्यावरची.

परीक्षा न देता पास कसे झाले? दाखल्यावर त्याचा काही परिणाम होतो का?

नाही होत. पहिली ते आठवीची परीक्षा रद्द केल्याची घोषणा २० मार्च २०२० ला झाली आणि पुढच्या वर्षी एप्रिल २०२१ मध्येही सगळ्यांना वर्गोन्नत केलं. पुढे नोकरीला अडेल का, असं एका आजोबांनी मला चार वेळा विचारलं. नातू तेव्हा दुसरीत होता.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळा अभ्यास चालत असेल ना?

कागदावर चालत होता. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं राज्याचं घोषवाक्यच होतं. रोज अभ्यासमाला यायची, दीक्षा ॲप होतं, बालभारतीची पुस्तकं पीडीएफ करून ठेवलेली होती. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, आणि तो खरोखर चांगला होता. नोव्हेंबर २०२० पासून व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला स्वाध्यायचे प्रश्न यायला लागले. पुण्यात बसलेल्या माणसांनी मेहनत केली नाही, असं मी म्हणणार नाही.

पण फोन कुणाचा? बापाचा. आणि बाप कुठे? वावरात. "मॅडम, मना बाप फोन लिसन वावरमा गया," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते शाळेच्या भिंतीवर सुविचार म्हणून लिहावं, असं आमचे मुख्याध्यापक म्हणायचे. दिवसभर पाठवलेलं रात्री आठला उघडलं जायचं. तोवर मूल झोपलेलं. बाप मग स्वतःच अंगठा दाखवून मोकळा व्हायचा. मी सुरुवातीला ते अंगठे मोजून अहवालात "सहभाग" म्हणून भरले. वरून तोच आकडा मागत होते. आज त्याची लाज वाटते.

दुसरं म्हणजे रेंज. आमच्याकडे जुनी धाब्याची घरं आहेत, वर मातीचं सपाट छत. रेंज त्या धाब्यावरच यायची. एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो. धाब्यावर दुपारी पाय ठेववत नाही. म्हणजे शिकायचं ते सूर्य मावळल्यावर. तेव्हा लाईट असेल तर फोनची बॅटरी असणार, आणि रिचार्ज कापसाचे किंवा केळीचे पैसे आले तर. दोन भावंडं वेगवेगळ्या वर्गांत असली की मोठ्याला फोन आणि धाकटीला पाटी. धाकटी "टी" होती हे मी मुद्दाम लिहिते, धाकटा असला की हिशोब पुष्कळदा उलटा व्हायचा.

या सगळ्यांत आवाजाच्या फिती सर्वांत जास्त चालल्या. डेटा कमी लागतो आणि पोरं रात्री अंथरुणात पडून ऐकतात. मी गोष्टी सांगून पाठवायचे, निम्म्या अहिराणीत, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत. प्रमाण मराठीतल्या गोष्टीपेक्षा अहिराणीतल्या गोष्टीला उलट उत्तर जास्त यायचं. मोठी माय, म्हणजे आजी, मागून दुरुस्ती करायची, "असं नही, तो कोल्हा नही, तो लांडगा."

मग खरं शिकवणं कुठे झालं?

ओट्यांवर. २०२० चा पावसाळा ओसरल्यावर आम्ही गल्लीवार गट पाडले. मारोतीच्या पाराजवळचा एक, भिलाटीतला (भिल वस्तीतला) एक, प्लॉट भागातला एक, नदीकडचा एक. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा पोरं, तोंडाला आईच्या साडीचा मास्क, हातात आपापला गोणपाट. दोन शिक्षकांना चार ओटे रोज पुरे पडत नव्हते, म्हणून आठवी-नववीतल्या चार मुलींना शिक्षणमित्र केलं. त्यांची स्वतःची शाळा बंदच होती. त्यातली एक इतकी कडक निघाली की पोरं मी आले की सुस्कारा सोडायची.

याला कुणी परवानगी दिली, असंही विचारलं जातं. लेखी अशी कुणी दिली नाही. केंद्रप्रमुखांना माहीत होतं आणि त्यांनी विचारलं नाही.

घरोघरची खबर शाळा का ठेवत होती? तुमचं काम शिकवायचं ना?

हा प्रश्न जरा टोचून विचारला जातो, म्हणून उत्तरही जरा लांब देते.

शाळा चालू असते तेव्हा घराची खबर मुलाच्या अंगावरून कळते. डोक्याला तेल नाही, आई माहेरी गेलीय. डबा नाही, पण दुपारची खिचडी दोनदा घेतली, घरी काल चूल पेटली नाही. पेन्सिल नवी, सुरतवाला काका आला. हे सगळं हजेरी घेताना नुसतं दिसतं, विचारावं लागत नाही. मुलं समोरून गेली आणि ही खिडकीच बंद झाली. अभ्यास पाठवला आणि उत्तर आलं नाही, तर मूल कंटाळलंय, की आजारी आहे, की उसाच्या फडावर गेलंय, हे मला कसं कळणार? कारण माहीत नसताना अभ्यास पाठवत राहणं म्हणजे बंद घराच्या दारातून चिठ्ठ्या सरकवणं.

म्हणून एक वही केली. शंभर पानी, साधी. एका घराला एक पान. तांदूळ वाटायच्या दिवशी आई किंवा आजी यायची, तेव्हा दोन मिनिटं बोलणं व्हायचं आणि ते मी संध्याकाळी पानावर उतरवायचे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत आशाताईंबरोबर घरोघर फिरलो, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर. त्यात तर बऱ्याच घरांची पानं भरली.

काय लिहायचे? नमुना देते, नावं सोडून: "बाप सुरतहून चालत-वाहनाने परत. लूम बंद. आता इथेच." "बकरी विकली, फोन घेतला." "केळी घड तसेच वावरात, व्यापारी आला नाही." "बाळ झालं, मुलगी, घरीच." "मोठीचं लग्न उरकलं, वीस माणसांत. वय विचारलं, उत्तर टाळलं." "पोरगा बोलत नाही. मोठी माय म्हणते नजर लागली."

शेवटून दुसऱ्या ओळीवर मी काही केलं का, असं आजवर कुणी विचारलं नाही, पण मीच सांगते. उशीर झाला होता.

कुणाच्या घरी पॉझिटिव्ह निघालं तर ग्रुपवर सांगायचं का?

नाही. अजिबात नाही. हे मी चूक करून शिकले.

जून २०२० मध्ये एका मुलाच्या काकांचा रिपोर्ट आला. मी भल्या हेतूने ग्रुपवर लिहिलं, नाव न घेता, की अमुक गल्लीतल्या पालकांनी मुलांना घरात ठेवावं. नाव घ्यायची गरजच नव्हती, त्या गल्लीत सहा घरं. दुपारपर्यंत त्यांचं दूध बंद झालं. त्या घरची म्हैस, दूध त्यांचं, आणि गावानं ते घेणं थांबवलं! त्यांची वहिनी विहिरीवर गेली तर बाकीच्या बायका बादल्या घेऊन बाजूला. पंधरा दिवसांनी काका बरे होऊन आले, पण त्या घरातून मला वर्षभर कुणी चहा विचारला नाही. बरोबरच आहे.

त्यानंतर शाळेच्या ग्रुपचा नियम केला. आजाराची बातमी फक्त त्या घरानेच सांगायची, तीही त्यांना वाटलं तर. शाळेला कळली तर ती शिक्षक, आशाताई आणि सरपंच यांच्यातच राहणार. रुग्णाचा फोटो नाही. काढ्याचे आणि वाफेचे फॉरवर्ड नाहीत. अमुक गावात तमुक माणूस दगावला, हे तर मुळीच नाही. नियम मोडला की मी मेसेज काढायला सांगायचे. दोन वडीलधारे रागावून ग्रुप सोडून गेले आणि लसीकरणाच्या वेळी परत आले.

मरणाची बातमी मुलांना कशी सांगितलीत?

आम्ही नाही सांगितली. मुलांना ती आमच्याआधी माहीत असायची.

२०२१ चा एप्रिल. दुसरी लाट. आमच्या पटावरच्या एका मुलाचे वडील गेले. धुळ्याला नेलं होतं, बॉडी गावात आलीच नाही. आमच्याकडे माणूस गेला की दारावर बसायला जातात, बायका गळ्यात पडून रडतात, भाऊबंदकी दहा दिवस घर सोडत नाही. त्या वेळी त्यातलं काही झालं नाही. दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि त्या रिकाम्या.

पोरगा तिसरीत. तो रोज संध्याकाळी मला पाढा म्हणून पाठवायचा. त्या दिवशीही पाठवला, अठराचा. मला काय करावं कळेना. मी नेहमीसारखं "शाब्बास" लिहिलं, पुसलं, मग त्याच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "त्याले म्हणू द्या मॅडम, तो म्हनस तोपर्यंत घरमा आवाज ऱ्हास." त्यानंतर तो महिनाभर रोज पाढा पाठवायचा आणि मी रोज ऐकून उत्तर द्यायचे. एकोणतीसपर्यंत आला होता.

तज्ज्ञ काय सांगतात ते मी नंतर वाचलं. खोटं सांगू नये, "झोपलेत" म्हणू नये, रडू द्यावं. ते सगळं खरंच आहे. मला यात भर घालायची ती एवढीच, की गावातल्या मुलाला मरण नवं नसतं. त्याने आजा पाहिलेला असतो, वासरू पाहिलेलं असतं. त्याला नवं होतं ते माणसं न येणं. म्हणून डिसेंबरात शाळा उघडली तेव्हा त्या मुलाच्या वर्गातली सगळी पोरं घेऊन आम्ही एक दुपार त्याच्या दारावर जाऊन बसलो. उशिरा का होईना. त्याच्या आईने सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले.

पालक गेलेल्या मुलांसाठी काय मदत होती? अजून मिळते का?

हा प्रश्न अजूनही येतो, कारण काही घरांनी त्या वेळी अर्जच केले नाहीत. मला माहीत असलेलं असं:

करोनाने माणूस दगावला तर वारसाला ५०,००० रुपये सानुग्रह, त्याचा अर्ज ऑनलाइन होता. आई-वडील दोघंही गेलेल्या मुलाच्या नावावर तेव्हा राज्याकडून ५ लाखांची मुदत ठेव होती, आणि केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतून वयाच्या तेविसाव्या वर्षी १० लाख. एकच पालक गेला असेल तर मुदत ठेव नाही, पण बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा ठरावीक रक्कम येते आणि ती करोनापुरती नाही, आजही चालू आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, बालकल्याण समितीपुढे जावं लागतं.

अडचण नेहमी कागदाची. मृत्यूच्या दाखल्यावर कारण "करोना" नाही, फुप्फुस किंवा हृदय लिहिलेलं. विधवा बाई सासर सोडून माहेरी आलेली आणि रेशन कार्ड सासऱ्याच्या कपाटात. शिक्षकाने यात काय करायचं? बोनाफाईड दाखला त्याच दिवशी हातात द्यायचा आणि शक्य असेल तर तिच्याबरोबर एकदा जळगावला जायचं. एकटीने जाणारी बाई खिडकीवरून परत पाठवली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खिचडीचं काय झालं?

शिजवणं बंद, शिधा सुरू. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे पंचवीस दिवसांचे अडीच किलो, सोबत मूग, मटकी, हरभरा जे आलं असेल ते. खिचडी शिजवणाऱ्या ताईच तराजू धरायच्या. त्यांचं मापाला हात इतका पक्का की काटा बघायची गरज नसायची.

२०२१ च्या उन्हाळ्यात मात्र शिधा नको, पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात, असं ठरलं. ३५ दिवसांचे प्राथमिकच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४. एकशेछप्पन रुपयांसाठी खातं उघडायला तालुक्याला जायचं, गाडीभाडं, आधार, फोटो, आणि बापाची एक रोजी बुडवायची. एक आप्पा म्हणाले, "मॅडम, मीच सरकारले एकशेछप्पन देस, पन मले बँकमा नका धाडू."

शाळेत विलगीकरण केंद्र होतं, हे खरं का?

खरं आहे. मे २०२० मध्ये सुरत, मुंबई, पुण्याहून परतलेल्या लोकांना ग्रामपंचायतीने शाळेच्या दोन खोल्यांत ठेवलं. सतरंज्या आमच्याच. गावातून डबे जायचे, गेटपाशी ठेवून माणूस मागे सरकायचा. त्यांत निम्मे आमचेच जुने विद्यार्थी. एकाने चौदा दिवसांत गळका नळ दुरुस्त केला, लिंबाला आळं केलं आणि फळ्यावर सुंदर अक्षरात तारीख लिहायचा, रोज, शाळा भरल्यासारखी. जाताना पटसंख्या पण लिहून गेला: उपस्थित ९, अनुपस्थित ०.

त्यानंतर पालकांना भीती बसली की त्या खोल्यांत जंतू आहेत. फवारणी झाली, चुना लावला, तरी एक आजी वर्षभर शाळेपुढून पदर तोंडाला लावून जायच्या.

सुरतहून आलेल्या मुलांना दाखला नसताना प्रवेश दिला?

दिला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्गात बसवायचं. त्यातली दोन भावंडं गुजराती माध्यमाची होती. मराठी बोलायला पटाईत, लिहायला बसली की अक्षरांवरची रेघच गायब. आमच्या पोरांना वाटलं, ही आळशी आहेत, रेघ ओढत नाहीत. उसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसतं. ते आधी द्यायचं, गाडी भरायला लागली की आठवून उपयोग नाही.

काही मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळांतूनही आमच्याकडे आली, फी थकली म्हणून. त्यांच्या आया शाळेत यायला लाजायच्या. निम्मी पोरं टिकली.

शिक्षक तर घरी बसून पगार घेत होते ना?

हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. चेकपोस्ट, रेशन दुकान, सर्वेक्षण, कोविड सेंटरची नोंदवही, सगळीकडे शिक्षक होते. माझी एक मैत्रीण शिरपूर भागात होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरून मे महिन्यात माणसं डोक्यावर बोचकी घेऊन मध्य प्रदेशाकडे चालत होती आणि पळासनेरच्या अलीकडे गावकरी त्यांना भाकरी-ठेचा आणि पाणी देत होते. ती तिथे उभी होती. पगार झाला, हे मात्र खरं, आणि बापाची रोजी बुडालेल्या घरी जाताना ते विसरता येत नव्हतं.

मुलांच्या मनात काय चाललं होतं, कधी बोलली का?

लहान मुलं सरळ बोलत नाहीत, प्रश्न विचारतात. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळला यायला निघाले होते, तिथून गावाकडची गाडी मिळेल म्हणून. भुसावळ आमच्या पोरांना माहीत आहे, मामाचं गाव तिकडे, लग्नाची खरेदी तिकडे. चौथीतल्या एकाने आवाज पाठवला: "मॅडम, गाडी तर बंद होती ना? मग रुळावर गाडी कशी आली?" मी मालगाडी आणि प्रवासी गाडी यातला फरक समजावून सांगितला. भूगोलाचं उत्तर दिलं. त्याने विचारलेलं ते नव्हतं, हे मला रात्री कळलं.

सण, पंधरा ऑगस्ट, सहल?

सहल नाही. पंधरा ऑगस्टला मुलांशिवाय झेंडा, पाच माणसं, आणि लिंबावरचे पोपट.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकली ती बायकांना जास्त लागली. लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके बांधले पण झोक्यावरची गाणी अर्धी, कारण दुसरी बाजू म्हणणाऱ्या सासरी अडकलेल्या. मी तेव्हा पोरींना काम दिलं: घरातल्या बाईकडून आखाजीचं एक गाणं ऐकून फोनवर म्हणून पाठवा. त्या सबंध काळात ग्रुपवर सगळ्यांत जास्त उत्तरं आली ती याला. श्रावणात कानबाईच्या सणाचंही तसंच. एरवी तिच्यासाठी सुरत-पुण्याची माणसं गावी येतात. त्या वर्षी ती माणसं आधीच आलेली होती, पण रोट, म्हणजे तिचा प्रसाद, ज्याचा त्याने आपल्या घरात खाल्ला.

मुलं किती मागे पडली?

पडली. "जीवनाच्या शाळेत शिकली" वगैरे मला ऐकवू नका. पोरांना कापूस मोजता येत होता, केळीच्या घडाचा भाव तोंडपाठ होता, पण तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नव्हतं आणि हातच्याची वजाबाकी गेली होती. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, दुसरीपासून पुढच्या वर्गांना. हेतू बरा होता, पण वर्ग बंद असताना सेतू बांधायचा कुठे? खरा सेतू आम्ही डिसेंबरनंतर बांधला, पुस्तक बाजूला ठेवून. वर्गवारी मोडली आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे गट केले. चौथीतली तीन मुलं दुसरीच्या गटात बसली आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या पालकांना वाटलं.

काही मुलांचं भरून आलं. काहींचं नाही. त्यातली दोन आज शाळेत नाहीत.

तो ग्रुप अजून आहे का?

आहे, नावही तेच. आता तिथे वाढदिवस, "म्हैस विकणे आहे" आणि लग्नपत्रिका येतात. मी गप्प असते.

ती वही बघायला मिळेल का?

नाही. दोघा संशोधकांनी मागितली, एकाने पैसेही देऊ केले. ती माझ्या घरच्या कपाटात आहे, खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली होती म्हणून वर ठेवलीय. ज्याला आपल्याच घराचं पान हवं असेल त्याने यावं, समोर बसवून वाचून दाखवते. फोटो काढू देत नाही. आतापर्यंत तिघं आले. तो पाढेवाला पोरगा मागच्या दिवाळीत आला होता, उंच झालाय. पान ऐकलं, पाणी प्यायला, आणि विचारलं, "तेवढंच आहे?" तेवढंच होतं.